शनिवारचं खेळणं

काउंटरवरच्या पोरानं ‘मुलगा की मुलगी?’ असं विचारलं, की वानखडे काका लगेच उत्तर देत नसत. आधी खांद्यावरची पिशवी खाली ठेवत. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत. तोवर मागच्या रांगेतलं कुणीतरी घसा खाकरे. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून, त्या पोराकडे नीट बघत ते म्हणत, “मुलगी.”

एवढा एकच शब्द. पण कुणी त्यांना नावगाव, घरदार, सगळं विचारलं असावं आणि त्यांनी ते एका शब्दात सांगून टाकलं असावं, तसा तो शब्द येई.

ज्यांनी ही बर्गरची दुकानं फक्त बाहेरून पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगते. तिथं लहान मुलांचं म्हणून एक वेगळं खाणं मिळतं. रंगीत पुठ्ठ्याच्या खोक्यात छोटा बर्गर, मूठभर बटाट्याच्या काड्या, फळांचा रस आणि एक प्लॅस्टिकचं खेळणं. खेळणी दोन जातींची. मुलग्यांसाठी गाड्या नाहीतर रोबो. मुलींसाठी परी, मांजर, केसांचे चाप. म्हणून तो प्रश्न. काकांचं वय तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल. ते खोकं घेऊन खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसत, समोरची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवत, बर्गर खात, बटाटे गार होऊ देत. खेळण्याची पिशवी न फोडताच त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत जाई. चार वाजता आत शिरलेला हा माणूस बरोबर सहाला बाहेर पडे. एका शनिवारआड.

मी हे सगळं आतून पाहिलं ते नंतर. माझी जागा दुकानाच्या बाहेर, फुटपाथवर होती. मी पत्रकं वाटत होते.

पत्रकं ही आमच्या घरची गोष्ट. माझे बाबा कामगार संघटनेत होते. आमच्याकडे पोळ्यांच्या डब्यात तळाला पत्रक, कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, आणि मी अक्षरं गिरवली ती छपाई बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिघी मैत्रिणींनी ‘खेळणं फुकट नसतं’ हे पत्रक काढलं, तेव्हा बाबांनी फक्त व्याकरण तपासलं आणि म्हणाले, “राग बरा आहे. परिच्छेद लांब झालेत.”

त्या पत्रकातल्या एकाही वाक्याची मला आजही लाज वाटत नाही. मुलाच्या हट्टाचा धंदा करणं हा हलकटपणाच आहे. चार वर्षांच्या पोराला बर्गर नको असतो, त्याला ती मांजर हवी असते. हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून मांजर एकटी विकत मिळत नाही. आणि एक मांजर मिळाली की खोक्यावर आणखी पाच जणींची चित्रं असतात, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या रडारडीची सोय झाली. एक दिवस खेळलेलं ते प्लॅस्टिक मग शेकडो वर्षं कचरा डेपोत. आमच्या मागण्या पाच होत्या. पाचवी अशी: ‘काउंटरवर मुलगा की मुलगी हे विचारणं ताबडतोब बंद करा. मुलींच्या हातात परी आणि मुलग्यांच्या हातात गाडी देणारे तुम्ही कोण?’

पहिल्या शनिवारी माझ्या हातून पत्रक घेणाऱ्यांत एक गृहस्थ होते. त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. असं कुणी करत नाही. लोक पत्रक घेतात ते वाटणाऱ्यावर उपकार म्हणून. यांनी वाचलं, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवलं आणि शांतपणे आत गेले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा माझ्यासमोर थांबले.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. मग पिशवीतून मांजरीचं पाकीट काढून दाखवलं. “पण हे आजचं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तेव्हाच ओळख पटली. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडच्या खोलीत काही महिन्यांपासून कुणीतरी राहायला आलं होतं. दाराबाहेर काळ्या सँडलचा एक जोड, एवढीच त्यांची माहिती. ते सँडल आत्ता माझ्यासमोर उभे होते.

दोन दिवसांनी त्यांनी आमचं दार वाजवलं. हातात तेच पत्रक.

“ताई, एक विचारायचं होतं. हे पाचवं कलम काढता येते का?”

“का?”

“असंच.”

“असंच म्हणून कलमं काढत नसतात.”

आतून बाबांचा आवाज आला, “कोण आहे गं? संपादक आलेत का?”

ते जरा हसले. “तुमचं बरोबर आहे,” म्हणाले आणि जिना ओलांडून परत गेले.

पुढे त्यांच्याशी ओळख वाढली तसं मला कळलं, की ‘तुमचं बरोबर आहे’ हे त्यांचं नकार देण्याचं वाक्य होतं. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. तुमचं सगळं मान्य करून ते जिथं होते तिथंच राहत. दिगंबर वानखडे मूळचे वर्ध्याकडचे. नोकरीसाठी तरुणपणी पुण्यात आले. चाकणला मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तयार माल तपासत. इतक्या वर्षांत त्यांची भाषा पुणेरी झाली होती, पण मनातलं बोलताना वऱ्हाड परत येई. ‘करतोय’चं ‘करून राहिलो’ होई आणि ‘का’चं ‘काहून’. मला ते ‘पत्रकवाल्या ताई’ म्हणत. त्यात चेष्टा किती आणि आदर किती, हे मला कधीच नीट मोजता आलं नाही.

कलम काढा म्हणणाऱ्या माणसाला मी सोडणार नव्हते. पुढच्या त्यांच्या शनिवारी मी पत्रकांचा गठ्ठा मैत्रिणीकडे देऊन आत गेले आणि सरळ त्यांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

“तिथं नका बसू,” ते म्हणाले. रागानं नाही. शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून त्यांनी बाजूला लावली. “इथं बसा ना.”

मी बसले. पाचवं कलम का काढायचं, ते सांगा, म्हटलं.

बराच वेळ ते बटाट्याची एक काडी ट्रेवर इकडून तिकडे फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, ते असं. त्यांचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. ओवी तिचं नाव. मुलगी आईकडे राहणार आणि वडिलांनी एका शनिवारआड, चार ते सहा, तिला सार्वजनिक ठिकाणी भेटायचं, असं कोर्टात ठरलं. बागेत पाऊस, देवळात गर्दी. मग हे दुकान. आई दारापर्यंत सोडून जाई, सहाला दारातून घेऊन जाई. वर्षानुवर्षं हेच टेबल. मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा म्हणाली, शनिवारी क्लास असतो आणि मैत्रिणींनी इथं पाहिलं तर विचित्र वाटतं. काकांनी वकील केला नाही, तक्रार केली नाही. “पोट्टीचं बरोबर होतं,” म्हणाले. “कोर्टानं बापाशी खेळायला पाठवलेली पोरगी म्हणून किती दिवस बसणार ती.”

त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती यायची थांबली, हे थांबले नाहीत.

“पण मग पाचवं कलम?” मी विचारलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मुद्दा सोडणं मला येत नव्हतं.

“असं आहे ना ताई. कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही. गावाकडे विचारतात ते दुसऱ्या लग्नाचं. तुमच्या जिन्यात तर नमस्काराला नमस्कारसुद्धा मिळत नाही, पुणं आहे. इथं विचारते. दर वेळी नवीन पोरगं असते काउंटरवर, त्याला काहीच ठाऊक नसते. मुलगा की मुलगी. मी म्हणतो, मुलगी.” त्यांनी ती काडी अखेर खाल्ली. “झालं. पंधरा दिवस पुरते.”

मी जे सुचलं ते बोलले. तो प्रश्न मुलींना काय शिकवतो, कंपन्या माणसाच्या एकटेपणाचेसुद्धा खोके बांधून विकतात, वगैरे. सगळं खरं होतं.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण कंपनीनं विकला बर्गर. बाकीचं आपण भरतो ना त्यात.”

कलम मी काढलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या दारावरून जाताना मी नमस्कार करायला लागले, आणि बाबा एकदा दार उघडं ठेवून जेवत असताना ते जिन्यात घुटमळले तेव्हा बाबा म्हणाले, “अहो वानखडे, वास किती वेळ घेणार? पान वाढलंय.” त्या दिवसापासून अधूनमधून ते आमच्याकडे जेवत. पोळी फार हळू खात. आई म्हणे, हा माणूस जेवण संपवायला भितो.

त्यांच्या खोलीत मी गेले तेव्हा ती खेळणी पाहिली. दोन ठिकाणी होती. एका स्टीलच्या डब्यात फोडलेली, म्हणजे ओवी येत असतानाची. मान डोलावणारी मांजर, पाठीत कळ असलेली परी, पंख तुटलेला पोपट, बोटाएवढं स्वयंपाकघर. ओवीच्या आईचा नियम होता की ही खेळणी घरी आणायची नाहीत, घरात आधीच प्लॅस्टिक फार झालंय. त्या बाईंचं आणि माझं या मुद्द्यावर पूर्ण एकमत होतं. त्यामुळे खेळणी काकांकडे राहत आणि ओवी निघताना बजावून जाई, पुढच्या वेळी सगळी आण. काका सगळी आणत. डबा भरत गेला तशी पिशवी मोठी घ्यावी लागली. मुलगी आईची वाट बघायला दारापाशी पळण्याआधी डब्यात वाकून सगळ्यांना ‘येते हं’ म्हणायची, हे सांगताना काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

प्रत्येक नवं खेळणं तिच्या हाती देण्याआधी ते त्यावरून अंगठा फिरवत. दोन साचे जिथं जुळतात तिथं प्लॅस्टिकची बारीक धार राहते, ती नेलकटरनं काढून टाकत. कारखान्यातली सवय. डब्यातल्या एकाही खेळण्याला धार नव्हती.

दुसरं ठिकाण म्हणजे कॉटखालचं पुठ्ठ्याचं खोकं. त्यात न फोडलेली पाकिटं. ती यायची थांबल्यानंतरची.

“ही का नाही फोडली?”

“फोडायचं काम तिचं आहे,” ते म्हणाले.

अशा बंद पाकिटांच्या मागे लागलेले लोक जगात आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातला एक कुणाल. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्यानं काकांना दुकानात पाकीट पिशवीत ठेवताना पाहिलं आणि विचारत विचारत खोलीवर आला. मी तिथंच होते, मुद्दाम. मला वाटलं, आता धंदा कसा चालतो ते बघू.

“काका, धिस इज मिंट कंडिशन, एकदम कोरं,” तो जमिनीवर बसून म्हणाला. “तुम्हाला आयडिया नाही लोक किती शोधतात हे. मी चांगली ऑफर देतो.”

“विकायला नाही काढली,” काका म्हणाले. “कुणाची तरी आहेत.”

“ओके, ओके. नुसतं बघू?”

मग त्यानं स्टीलचा डबा पाहिला. त्यातला पंख तुटलेला पोपट उचलला. तो पोपट कुणाच्याच कामाचा नव्हता, त्याला बाजारात काही किंमत नसणार. कुणालनं तो नाकाजवळ नेला.

“हा होता माझ्याकडे. आईनं भंगारात दिला. मी दहावीत होतो, क्लासवरून आलो तर सगळी बॅगच गायब.” मग जरा वेळानं, “अजून तोच वास येतो याला.”

तो अर्धा तास तसाच बसला. त्यानं पुन्हा किमतीचं काही काढलं नाही. चहा घेतला, काकांना थँक यू म्हणाला आणि गेला. माझ्या जिभेवर दोन-तीन चांगली वाक्यं तयार होती, बाजारानं आपल्या आठवणीसुद्धा कशा आधीच ठरवून ठेवल्यात याबद्दल. मी ती बोलले नाही.

“बिचारा,” काका म्हणाले. “त्यालाही कोणी काही विचारत नसंल.”

पुढच्या वर्षी दुकानात ऑर्डर देण्याचे पडदे आले. माणसाच्या उंचीचे, काचेचे. लोकांनी बोट लावून काय हवं ते निवडायचं, कार्ड दाखवायचं आणि बाजूला उभं राहायचं. लहान मुलांच्या खाण्याचं बटण दाबलं की दोन चित्रं येत, एक परीचं, एक गाडीचं. त्यांपैकी एकावर बोट ठेवायचं. आमच्या पाचव्या मागणीचा याच्याशी काही संबंध नव्हता. आमच्या पत्रकांनी आजवर काहीच झालेलं नाही, हे मला कबूल आहे. कंपनीला काउंटरवरची पोरं कमी करायची होती, एवढंच.

त्या शनिवारी काका बाहेर आले ते साडेचारलाच. मी पत्रकं वाटत होते.

“अभिनंदन ताई,” ते म्हणाले. “कलम पास झालं.”

त्यांच्या तोंडचं एवढं एकच कडू वाक्य मला आठवतं. मी त्यांना म्हटलं, काउंटर अजून आहे, रोख पैसे देणाऱ्यांसाठी एक पोरगा बसतो तिथं. “बसते ना,” ते म्हणाले. “पण विचारत नाही. काय पाहिजे ते बोट लावून दाखवा म्हणते.” तरी ते जात राहिले. पाकिटं कॉटखाली जात राहिली.

मग ती तारीख जवळ आली, जिची ते गेली पाच वर्षं वाट पाहत होते आणि मला पत्ता नव्हता. ओवीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. आता कोर्टाचं ठरवणं संपणार, आईचं सोडणं-नेणं संपणार. आता ती आली तर स्वतः येईल आणि नाही आली तरी स्वतःच. काकांनी तिच्या आईकडून तिचा नंबर मागून घेतला. त्या बाईंनी लगेच दिला, हेही सांगायला हवं. मग काका आठवडाभर एक निरोप लिहीत होते. शेवटी गेला तो एवढाच: ‘शनिवारी चार वाजता मी तिथं असतो. बाबा.’

संध्याकाळी फोन हातात घेऊन ते आमच्या दारात उभे. “हे काय समजायचं?”

पडद्यावर एक पिवळा अंगठा होता.

“हो म्हणून समजायचं.”

“नक्की?”

“काका, नाही असतं तर काहीच आलं नसतं.”

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि तेवढ्या एका वेळी ते वाक्य खरं होतं. मग म्हणाले, “तुम्ही याल का? दुसऱ्या टेबलावर बसा. नाही आली तर मला एकटं उठून यायला नको वाटते.”

मी गेले. गठ्ठा घरी ठेवून गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्टीलचा डबा टेबलावर, बंद पाकिटांची पिशवी पायाशी, समोरची खुर्ची जराशी मागे ओढलेली. चार वाजले. सव्वाचार. मी शेजारच्या टेबलावर पुस्तक उघडून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. काका दाराकडे बघत नव्हते. ते डब्याच्या झाकणाकडे बघत होते, त्यात दार दिसत असावं.

पावणेपाचच्या सुमाराला एक उंच मुलगी आत आली. गळ्यात हेडफोन, पाठीवर सॅक. तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. थेट खिडकीजवळच्या टेबलाशी गेली आणि त्या मागे ओढलेल्या खुर्चीवर बसली.

“ट्रॅफिक होतं,” ती म्हणाली.

“असते शनिवारचं,” काका म्हणाले. “काय घेते?”

“कोल्ड कॉफी. नंतर. बस ना तू.”

मग खूप वेळ दोघंही पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलले. बापलेकींनी पाच वर्षांनी भेटून कोणता पूल बंद आहे आणि कुठून वळसा पडतो हे इतक्या तपशिलात बोलावं, याचा मला राग येत होता. मग बोलणं संपलं. ओवीनं डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं.

“अरे, ही अजून आहे?” तिनं मांजरीला टिचकी मारली. मांजर मान डोलावू लागली. तिनं परी काढली, पोपट काढला, सगळी ट्रेवर ओळीनं मांडली. तिचे हात ते आपोआप करत होते. मग काकांनी पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली.

“हे काय?”

“तुझे. फोडायचे राहिले.”

तिनं आत पाहिलं. पिशवीत पाच वर्षं होती. तिनं एक पाकीट काढलं, उलटसुलट केलं, पण फोडलं नाही. ती ते तसंच हातात धरून बसली. काका तिच्या हाताकडे बघत होते.

“बाबा, एक सांगू? चिडू नको.”

“बोल ना.”

“मला हे कधीच आवडायचं नाही. या पऱ्या-बिऱ्या. मला गाड्या हव्या असायच्या. तिकडच्या टेबलावरच्या मुलांकडे असायच्या ना, मागे ओढून सोडायच्या, त्या.”

काका म्हणाले, “मग बोलली काहून नाही?”

“तू काउंटरवर ‘मुलगी’ म्हणायचास ना, चष्मा-बिष्मा पुसून.” ती हसली, पण नीट हसता आलं नाही तिला. “मी खाली उभी राहून बघायचे तुझ्याकडे. मग कसं सांगणार?”

काका उठले. काचेच्या पडद्यांच्या रांगेवरून पुढे गेले, थेट काउंटरपाशी. तिथला पोरगा मान खाली घालून काहीतरी मोजत होता.

“सर, ऑर्डर तिकडे स्क्रीनवर.”

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. डोळ्यांवर चढवला.

“लहान मुलांचं एक द्या,” ते म्हणाले. “मुलगी आहे. पण गाडी द्या.”

पोरानं वर पाहिलं. काकांच्या आसपास मूल शोधलं. “कुठंय मुलगी?”

काकांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

“ती?”

“तीच.”

लाल रंगाची गाडी होती. ओवीनं पाकीट दातांनी फोडलं. काका म्हणाले, थांब, आणि तिच्या हातून गाडी घेऊन चाकांवरून, टपावरून अंगठा फिरवला. धार कुठंच नव्हती. मग तिनं ती ट्रेवर मागे ओढून सोडली आणि गाडी मांजरीला पाडून टेबलाखाली गेली.

सहा वाजता दोघंही उठले. आता त्यांना कुणी वेळ घालून दिलेली नव्हती, दारात कुणी घ्यायला उभं नव्हतं. तरी उठले. दारापर्यंत गेले आणि मग दोघांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दारातच पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग ती गेली. गाडी घेऊन गेली. बंद पाकिटं आणि डबा नको म्हणाली, बंगळूरला शिकायला चाललेय आणि हॉस्टेलवर जागा नसते.

ती तिकडे गेली. एकदा तिनं फोटो पाठवला, खिडकीच्या गजाशी उभी केलेली लाल गाडी. काकांनी तो मला, बाबांना, आईला आणि इमारतीच्या वॉचमनला दाखवला. नंतर कधी अंगठा येई, कधी येत नसे. ती मुलगी वाईट नव्हती. ती अठरा वर्षांची होती.

मला वाटलं होतं, आता ते सुखी होतील. झालं उलटंच. पहिला शनिवार आला तेव्हा ते चार वाजता जिन्यात पिशवी घेऊन उभे होते आणि उतरत नव्हते. मी विचारलं, जाणार नाही का? “कशाला?” ते म्हणाले. “ती येऊन गेली ना.” इतकी वर्षं त्या दोन तासांना एक नाव होतं. आता ते नुसते दोन तास झाले. तशा कितीतरी तासांचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं. माणसाला एकटेपणातून बाहेर काढायचं कलम आमच्या कुठल्याच पत्रकात नाही.

सहा महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली आणि गावी भावाकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी डबा त्यांनी स्वतःच्या सामानात ठेवला. पाकिटांचं खोकं आमच्या दारात आणून ठेवलं.

“तुम्ही प्लॅस्टिकवाल्या,” ते म्हणाले. “तुम्हीच करा याचं काय ते.”

“काका, कुणालला देऊ?”

“तुमच्या मनाला येईल तसं. पण फोडू नका.” मग सँडल घालता घालता म्हणाले, “येतो. पत्रक काढलं नवीन की पाठवा. परिच्छेद छोटे ठेवा.”

बाबा त्यांना स्टेशनपर्यंत सोडून आले आणि आल्यावर पेपर उघडून बसले. पान उलटलं नाही. सुरुवातीला काका फोन करत. उन्हाळा किती आहे ते सांगत, ओवीचा अंगठा आल्याचं सांगत. आता मीच करते. चार-पाच वाक्यांत बोलणं संपतं. शेवटी ‘होऊन जाते’ म्हणतात आणि फोन ठेवतात.

खोकं आमच्याकडेच आहे, माळ्यावर, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. मी ते कुणालला दिलं नाही, कचऱ्यातही टाकलं नाही. बाबा अधूनमधून विचारतात, शत्रूचा माल आपल्या घरात अजून किती दिवस राहणार आहे? मी म्हणते, बघू.

पत्रक मी अजून वाटते. त्याच दुकानाबाहेर, त्याच फुटपाथवर. पाचवं कलम आहे तसंच आहे. ओवीनंच ते खरं ठरवलं, मी का काढू? पण गेल्या महिन्यात एक गृहस्थ त्या दारापाशी आले. एकटेच, हातात रिकामी पिशवी, काचेवरच्या खेळण्यांच्या चित्रांपुढे बराच वेळ उभे. मी पत्रक पुढे केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मुलगा की मुलगी?”

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मुलगा,” ते म्हणाले. आणि पत्रक न घेता, दार ढकलून आत गेले.